डाव्या वळणाचा गंधार

सदाशिव पेठेतल्या अनिरुद्धच्या नशिबात दोन गोष्टी नव्हत्या, एक कान आणि दुसरा रस्ता.

कान दिसायला दोन होते, पण त्यांचा उपयोग चष्मा अडकवण्यापुरता. त्यात बायको मिळाली गाणारी. चैतालीच्या एका बैठकीत तबलजी हातोडीने तबला ठाकूनठोकून लावत होता, तेव्हा अनिरुद्धने मान डोलावून "वा!" म्हटलं होतं. आणि तिने तार षड्ज लावला, लोक श्वास रोखून बसले, तेव्हा शेजारच्या आजोबांना विचारलं होतं, "मध्यंतर आहे का?" त्यानंतर चैतालीने त्याला प्रेमाने बजावलं होतं, "बैठकीला ये, पुढे बस, पण तोंड मिटून बस."

रस्त्याचं दुखणं गाडीमुळे झालं. त्याने सेकंडहँड, लालभडक, टर्बोवाली गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको. शून्यावरून शंभरावर ती किती सेकंदांत जाते हे अनिरुद्ध रामरक्षेसारखं म्हणून दाखवायचा. प्रत्यक्षात घरून खराडीच्या ऑफिसला जाताना ती शून्यावरून विसावर जायची आणि परत शून्यावर यायची. विसाच्या पुढचं सगळं वाचीव ज्ञान.

एवढ्यावरही संसार सुखाचा चालला असता. पण एक दिवस गाडी बोलायला लागली.

सरळ जाताना ती गप्प असायची, उजवीकडे वळतानाही गप्प. डावीकडे वळलं की मात्र पुढून, कुठून ते कळत नाही अशा जागेवरून, "कुंईंऽक्!"

मागे बसलेले अनिरुद्धचे वडील तात्याराव म्हणाले, "अन्या, गाडीत कुत्र्याचं पिल्लू आहे का? असेल तर त्याला उतरव. नसेल तर मला उतरव."

"बाबा, जुनी गाडी आहे, थोडं चालायचंच."

"चालू दे की. चालली तर मी कशाला बोलतोय. ती रडतेय."

अनिरुद्धच्या लेखी तो नुसता आवाज होता. पण शेजारी बसलेली चैताली पहिल्याच दिवशी दचकली. दुसऱ्या डाव्या वळणाला तिने डोळे मिटले, आणि तिसऱ्या वळणाला ती म्हणाली, "गंधार आहे हा."

"कोण?"

"गंधार. शुद्ध गंधार. पण उतरलेला. केसभर खाली आहे रे, केसभर! धड वर नाही, धड खाली नाही. जिन्याच्या दोन पायऱ्यांमध्ये पाय लोंबकळत राहावा तसा."

अनिरुद्धने काळजीने पायाखाली पाहिलं.

घरापासून चैतालीच्या गाण्याच्या क्लासपर्यंत बहुतेक वळणं डावी. तो रोज तिला सोडायचा, आणि रोज वळणावळणाला तो उतरलेला गंधार तिच्या कानात ठिबकायचा. शेवटी व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी रियाजाला पेटीवर महिपतीकाका होते. त्यांनी मध्येच हात थांबवला, भाता मिटला आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "ताई, रागावू नका. गंधार जरा… बसलाय."

त्यात क्लासमधल्या मुली बाईंची हुबेहूब नक्कल करणाऱ्या. आठवड्याभरात अख्खा क्लास डावीकडे वळल्यासारखा गायला लागला.

त्या दिवसापासून तिने गाडीत बसणं सोडलं. कुठे लग्नकार्याला निघायचं झालं की दृश्य असं असायचं: पुढे लाल टर्बो गाडीत अनिरुद्ध आणि मागे तात्याराव, बाजूने स्कूटरवर पैठणी खोचून, हेल्मेट घालून चैताली. सिग्नलला काच खाली करून अनिरुद्ध विचारायचा, "ठीक आहेस ना?" ती हेल्मेटमधून म्हणायची, "डावीकडे वळताना मला आधी पुढे जाऊ दे." आणि ती नेहमी आधी पोचायची.

मागून तात्याराव म्हणायचे, "शंभराची गाडी घेतलीस, छान केलंस. सूनबाई पोचून जेवायलाही बसली असेल."

अशात लोणी काळभोरहून बजरंगचा फोन आला. बजरंग चैतालीचा मामेभाऊ. नवरात्रात गावच्या देवळापुढे संध्याकाळी तिचं गाणं त्यानेच ठरवलं होतं. आजोळी पहिलंच गाणं, आणि ती गाणार होती यमन. यमनात गंधार म्हणजे लग्नातला नवरदेव. तोच झिंगून आला तर वरातीने करायचं काय?

"ताई, फ्लेक्स लागलं बघ चौकात," बजरंग म्हणाला. "तुझा फोटू बारका आलाय, माझा मोठा आलाय, पर नाव तुझंच हाय. आन् दाजी हायेत का तिथं? दाजी, ती लाल गाडी बेसूर झालीय म्हणं? मग द्या की हिकडं! माझं काय, मी डेक लावून हिंडतो. गाडी वरडली तरी ऐकतंय कोण? दसऱ्याची पूजा माझ्या दारात घालू."

फोन ठेवून चैताली अनिरुद्धकडे वळली. रागावलेली नव्हती, तेच जास्त भीतीदायक होतं.

"तानपुरे स्कूटरवर नेता येणार नाहीत. त्यामुळे लोणीला मी गाडीतूनच येणार. जाताना माझा गंधार हलला नाही, तर गाडी आपली. हलला, तर गाडी तिथेच ठेवायची, बजरंगच्या दारात. आपण बसने परत. बजरंगलाही तसं कळवते."

अनिरुद्ध त्या रात्री पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. वरून तात्याराव खिडकीतून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "नाडी लागतेय का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने शुभंकरला गाठलं. शुभंकर त्याच्याच टीममध्ये, आणि रविवारी पहाटे घाटात गाड्या पळवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये. त्याची मराठी घरचीच, पण तोंडात राहायची नाही.

"ब्रो, साउंड कसा आहे? एक्झॅक्ट साउंड सांग."

अनिरुद्धने आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये आवाज काढला. "क्वॅंक्!"

कोपऱ्यावरचा सुरक्षारक्षक धावत आला. "सर, मांजर अडकलंय का कुठे?"

शुभंकर मात्र गंभीर झाला. "ब्रो. बॉडी फ्लेक्स. हंड्रेड पर्सेंट बॉडी फ्लेक्स. तुला स्ट्रट टॉवर ब्रेस लागणार."

मग त्याने समजावून सांगितलं. बॉनेट उघडलं की डावीउजवीकडे दोन टेंगळं दिसतात. पुढच्या चाकांचे शॉकअप वर येऊन तिथे पकडलेले असतात. जोरात वळलं की ही दोन टेंगळं जराशी हलतात, एक इकडे झुकतं, एक तिकडे. दोघांच्या मध्ये आडवा, मजबूत दांडा टाकायचा. तो टाकला की दोघं एकमेकांना धरून राहतात, बॉडी पिळत नाही, गाडी वळणात खिळ्यासारखी बसते.

"म्हणजे लग्नासारखंच," अनिरुद्ध म्हणाला.

"ब्रो, फोकस. घेताना वन-पीसच घे. अख्खा वेल्डेड. मध्ये जॉइंट नको, नट नको. जिथे जॉइंट तिथे गेम संपला. नट फिरवायचे दांडे सगळे शो-ऑफ. शो की गो, ब्रो? मिरवायची की पळवायची? डिसाइड."

अनिरुद्धने आयुष्यात कधी 'गो' केलं नव्हतं, म्हणून त्याने ठामपणे 'गो' म्हटलं. रात्री जेवताना त्याने घरात ही योजना मांडली. तात्यारावांनी आमटीचा भुरका मारला. "बॉनेटखाली आडवी दांडी. चांगलं आहे. पंचे वाळतील. पावसाळ्यात इंजिनाची ऊबही मिळेल."

नाना पेठेत संजयचं दुकान होतं. संजय अमरावतीचा. पुण्यात येऊन पंधरा वर्षं झाली तरी त्याची बोली एक इंचही इकडे सरकली नव्हती. त्याने आधी गाडी घेऊन एक चक्कर मारली. दवाखान्याच्या दारात पोराचा ताप उतरावा तशी गाडी डावीकडे वळूनही चिडीचूप.

"आवाज त येऊनच नाही राह्यला भाऊ. कसा येते, काढून दाखवा बरं."

अनिरुद्धने काढला.

"हा त बेल्टचा होय."

अनिरुद्धने दुसऱ्यांदा, जरा नाकातून काढला.

"हा ब्रेकचा."

तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून, पोटापासून काढला. संजयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, हा त तुमचाच होय बाप्पा. तुम्ही एकडाव डॉक्टरले दाखवून घ्या."

नाइलाजाने अनिरुद्धने चैतालीला फोन लावला. "तुझ्याएवढं अचूक कोणालाच येणार नाही. एकदाच, फोनवर, तो आवाज काढून दाखव ना."

"मी? तो स्वर? माझ्या तोंडाने?" पलीकडे स्कूटरची किल्ली खुळखुळली. "थांब. तिथेच थांब. मी येते."

ती येईपर्यंत संजयने तीन दांडे काउंटरवर मांडले. पहिला चकचकीत, अ‍ॅल्युमिनियमचा, आतून पोकळ, त्यावर आग ओकणारा ड्रॅगन. दुसरा काळा, अख्खा पोलादी, वरवंट्यासारखा जड. तिसऱ्याच्या दोन्ही टोकांना आटे होते आणि मध्ये फिरवायचा नट. तो पिळला की दांडा दोन टेंगळांना दूर रेटायचा, सैल केला की सोडायचा. शुभंकरही ऑफिस सोडून आला होता. काळ्या दांड्यावरून त्याने असा हात फिरवला की बघणाऱ्याला संकोच वाटावा.

चैताली आली, हेल्मेट काढलं, दांडे पाहिले. मग माठ विकत घेताना बायका बोटाने वाजवून बघतात, अगदी तसं स्कूटरच्या किल्लीने तिने पहिल्या दांड्यावर टिचकी मारली. टण्ण.

"रिकामा डबा आहे हा."

दुसऱ्यावर. ठप्प.

"हा मुका."

तिसऱ्यावर मारली. टिंऽऽऽ. ती ऐकत राहिली. मग तिने मधला नट जरासा फिरवला आणि पुन्हा टिचकी मारली. तिचे डोळे चमकले. "अगं बाई, याला तर मणी आहे!"

तानपुऱ्याच्या तारेत खाली एक मणी असतो. खुंटीने ढोबळ सूर लागतो. उरलेला केसभर मणी सरकवून मिळवायचा असतो.

"वहिनी," शुभंकर म्हणाला, "हे इन्स्ट्रुमेंट नाहीये."

"मग तुम्ही कशावरून निवडता?"

"व्हिडिओवरून."

"कधी बसवून पाहिलाय?"

"नाही, पण कॉमेंट्स वाचल्यात."

संजय म्हणाला, "वहिनी, आजवर लोक रंग पाहून घेत व्हते. वाजवून घेणारं गिऱ्हाईक तुम्हीच पह्यलं."

सगळे अनिरुद्धकडे बघायला लागले. एका बाजूला शुभंकर, जगभरातले टोपीवाले व्हिडिओवाले आणि पोलाद. दुसऱ्या बाजूला बायको. सदाशिव पेठेत जन्मून, वाढून, तिथेच लग्न केलेल्या माणसाला अशा वेळी काय करायचं ते कळायला हवं होतं. पण त्याने 'गो' म्हटलं होतं. त्याने काळ्या दांड्यावर बोट ठेवलं.

चैतालीने किल्ली मुठीत घेतली. हेल्मेट घातलं आणि निघून गेली.

दांडा बसला, पण बॉनेट मिटेना. दांडा तळहातभर वर येत होता.

"मिटते न भाऊ. इंजिन जरा खाली बसलं का मिटते."

"कधी बसेल?"

"बसन न हळूहळू."

अनिरुद्ध बॉनेट सुतळीने बांधून घरी निघाला. पुण्यात अडचणीत सापडलेल्या माणसाला कोणी हात देईलच असं नाही, पण माहिती मात्र प्रत्येक जण देतो. पहिल्याच सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "साहेब, बॉनेट उघडंय." पुढच्या चौकात स्कूटरवरच्या काकूंनी काचेवर टकटक केलं. "तुमचं ते पुढचं उघडं राहिलंय, माहितीय ना?" "हो, माहितीय." "माहिती असून असंच हिंडताय?" एक आजोबा काठी टेकत मुद्दाम रस्ता ओलांडून आले, खिडकीत वाकले आणि म्हणाले, "कोळंबी विकायला निघालात का? झाकण लावा, माश्या बसतील."

आणि डावीकडे वळताना, "कुंईंऽक्!" आवाज तसाच होता, फक्त आता तो बाहेरच्यांनाही ऐकू येत होता.

घराखाली तात्याराव उभेच होते. सुतळीकडे त्यांनी नीट पाहिलं. "गाठ चांगली मारलीस. शाळेत शिकवलेलं कामी आलं म्हणायचं."

चैताली तानपुऱ्याच्या तारा पुसत बसली होती. अनिरुद्ध दारात बराच वेळ घुटमळला. मान वर न करता तिने विचारलं, "एक सांग. खुंट्याच नसलेला तानपुरा तू विकत घेशील?"

अनिरुद्धने प्रामाणिकपणे विचार केला. "तू नसतीस तर घेतला असता," तो म्हणाला.

ती हसली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. अनिरुद्धला वाटलं, हिला जर आपण बजरंगच्या दारातून बसने परत आणलं, तर ही पुन्हा असं हसेल की नाही कोण जाणे. गाडी जाईल ते जाईल, पण गाणाऱ्या बाईचा गंधार आपल्या हौसेपायी गेला, हे ओझं कुठला दांडा पेलणार?

दुसऱ्या दिवशी काळा दांडा निघाला आणि नटवाला बसला. बॉनेट मिटलं, अगदी मुकाट्याने. पण खरं काम पुढेच होतं. नट किती पिळायचा हे ऐकून ठरवायचं, आणि ऐकू शकणारं माणूस एकच. चैतालीने देवाचं नाव घेतलं, मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप आपल्या पट्टीत, काळी चारमध्ये लावलं, आणि ती पुढच्या सीटवर बसली. मागे पाना घेऊन संजय.

दुकानाच्या गल्लीला वळसा घातला की चार वळणं येतात, चारही डावी. पहिल्याच वळणाला लाज सोडून गाडी बोलली. "कुंईंऽक्!"

"ओ बाप्पा!" संजय म्हणाला. "काल काहून नाही बोलली?"

"चढवा जरा," चैताली म्हणाली. गाडी थांबली, बॉनेट उघडलं, संजयने पाव आटा पिळला, बॉनेट मिटलं, गाडी निघाली.

"कुंईंऽक्!"

"अजून."

पाव आटा. वळसा. "कुंईंक्!"

"जास्त झाला. केसभर उतरवा."

दोन-चार फेऱ्यांतच कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला अंदाज आला. पुण्यात गाणं कळत नाही असं म्हणणारा माणूस सापडायचा नाही. हातातला कप तसाच धरून लोक रस्त्याकडे कान लावून उभे राहिले. गाडी गेली की मतं सुरू.

"अजून बसलेलाच वाटतोय."

"छे हो, मघाचाच बरा होता."

"आमच्या वेळच्या गाड्यांचा सूर काय होता महाराजा!"

एकाने तर काचेपाशी येऊन विचारलं, "आपलं घराणं कुठलं?" अनिरुद्ध म्हणाला, "सेकंडहँड आहे."

संजयचा शर्ट घामाने भिजला होता. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, आता एवढासाच देतो, मुंगी सरकल एवढा." दिला. गाडी निघाली, डावीकडे वळली.

"कींऽऽक्!"

मोबाइलमधला तानपुरा आणि तो आवाज एकमेकांत असे मिसळले की वेगळे काढता येईनात. टपरीवरून चार-पाच जणांचं एकदम "वा!" आलं. चैतालीने डोळे मिटून तोच स्वर हळूच गळ्यातून लावला, आणि तो बसला नाही, उभा राहिला.

अनिरुद्धला काही कळेना. "पण आवाज गेला कुठे? अजून येतोच आहे. जायला हवा होता ना?"

"आता कशाला जाईल?" चैताली म्हणाली. "आता तो सुरात आहे."

"अगं, पण गाडीला आवाज असणं म्हणजे दोष—"

"महिपतीकाकांच्या पेटीलाही आवाज आहे. दोष काढतोस का कधी?"

शुभंकरला त्याने रात्री मेसेज टाकला: आवाज कायम, पण शुद्ध. शुभंकरचं उत्तर आलं: ब्रो, ग्रुपवर काय लिहू?

लोणीला निघाले तेव्हा मागच्या सीटवर दोन तानपुरे आणि त्यांच्यामध्ये, पंगतीत बसल्यासारखे, तात्याराव. सोलापूर रस्ता सरळसोट, वळणंच नाहीत. निम्म्या वाटेवर चैताली अस्वस्थ झाली. "अनिरुद्ध, एखादं डावं घे ना."

"रस्ता सरळ आहे."

"मग पेट्रोल पंपात घे. मला एकदा ऐकायचाय."

म्हणून वाटेतल्या प्रत्येक पंपात लाल गाडी डावीकडे वळून आत गेली, कींक् म्हणाली, आणि काही न भरता बाहेर पडली. पंपावरची पोरं नळ्या हातात धरून बघत राहिली. तात्याराव काच खाली करून प्रत्येकाला सांगत होते, "काही नाही. सूनबाई सूर भरून घेतायत."

देवळापाशी बजरंग हार घेऊन उभा होता. हार चैतालीसाठी असेल असं वाटलं, पण त्याने तो थेट बॉनेटवर चढवला.

"दाजी, किल्ली द्या. चक्कर मारून येतो." तो बसला, देवळाच्या कोपऱ्यावरून डावीकडे वळला, आणि लगेच मागे येऊन थांबला. तोंडभर आनंद. "आवाज हाय की वो अजून! म्हंजी गाडी माझी!"

"बजरंगदादा," चैताली म्हणाली, "हार राहू दे. गाडी नाही मिळायची."

"आगं, पर बोली काय झालती?"

"माझा गंधार हलला तर, अशी. तो कळेलच आता गाताना."

गाणं सुरू झालं. अनिरुद्ध पुढे बसला, ठरल्याप्रमाणे तोंड मिटून. शेजारी तात्याराव, पलीकडे बजरंग, किल्ली अजून त्याच्याच मुठीत. पेटीवर महिपतीकाका, चेहरा चिंतेचा. चैतालीने षड्ज लावला. निषाद, रिषभ तिने नुसते स्पर्शून सोडले, आणि मग थांबली. सगळ्या देवळासमोर ती क्षणभर थांबली.

तिने गंधार लावला.

आणि अनिरुद्धच्या दोन्ही हातांनी, त्याला न विचारता, हवेतलं स्टीअरिंग धरून डावीकडे वळवलं. कोपर तात्यारावांच्या बरगडीत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक स्वर ओळखू आला होता. हा तोच. कोपऱ्यावरचा. टपरीसमोरचा. मुंगीएवढा.

"वा!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

तोंडावर हात ठेवेपर्यंत उशीर झाला होता. पण तेवढ्यात महिपतीकाकांनीही मान झोकून "वा!" म्हटलं, आणि मागून सगळं देऊळ म्हणालं. म्हणजे अनिरुद्धचा पहिला होता, पण चुकलेला नव्हता. चैतालीने गाता गाताच त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोच गंधार लावला, जरा जास्त वेळ, खास त्याच्यासाठी. त्याचे हात पुन्हा डावीकडे वळले.

बजरंगने किल्ली मुकाट्याने त्याच्या मांडीवर ठेवली.

तात्याराव बरगडी चोळत पुटपुटले, "कान आला म्हणायचा. पण इंडिकेटर देत जा."